गाण्याची डबी आणि नोंद क्रमांक अकरा

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला शेरेसाहेबांनी म्युझिक प्लेअरचं पाकीट उघडायला घेतलं, आणि दहाला पाच मिनिटं असताना त्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधावी लागली. प्लेअर अजून आतच होता.

वस्तू काडेपेटीएवढी. पण ती जाड, कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये अशी बंद केली होती, की डोळ्यांना सगळं दिसावं आणि हाताला काही लागू नये. आधी कात्री वाकली, मग सुरी सटकली, मग साहेबांनी पक्कड काढली. तेवढ्यात समोर बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, मागे बाण काढून 'येथून उघडा' असं लिहिलंय."

ज्यांच्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलंय त्यांना ते दिसलं, आणि दोन्ही डोळे शाबूत असलेल्या आपल्याला दिसलं नाही, ही गोष्ट साहेबांना अंगठ्यापेक्षा जास्त झोंबली. "ते मी वाचलं होतं," ते म्हणाले. "पण माझा त्यावर विश्वास नव्हता."

शेरे हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि हाताखालून गेलेल्या एकाही कागदाला शेरा मारल्याशिवाय सोडलं नाही. तिथे शेरे तीनच. 'कायम ठेवणे', 'पाच वर्षांनी नष्ट करणे' आणि 'नष्ट करणे'. माणूस निवृत्त झाला तरी लाल पेन्सिल निवृत्त झाली नव्हती. मुलगी शाळेत असताना तिच्या प्रगतिपुस्तकावर वर्गशिक्षकांनी 'बडबड फार करते' असं लिहिलं होतं, त्याखाली त्यांनी 'सहमत' असं लिहून सही केली होती. त्या सहीवरून बाईंनी त्यांच्याशी चार दिवस अबोला धरला होता.

बाई म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे सगळी इमारत त्यांना बाई म्हणे, आणि चारचौघांत साहेबही तेच म्हणत. येत्या गुरुवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ऑपरेशनचं कुणाला एवढं वाटत नव्हतं, वाटत होतं ते नंतरच्या आठ दिवसांचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आठ दिवस पालथं झोपायचं, बसायचं तेही मान खाली घालून. पुस्तक नाही, टीव्ही नाही, पेपरातलं शब्दकोडं नाही.

"आठ दिवस मी काय फरशा मोजू?" बाई हसत म्हणाल्या होत्या. जो तो त्यांना विचारी, भीती वाटते का, आणि बाई विचारील त्याला सांगत, छे, भीती कसली.

पण दोनच दिवसांपूर्वी, बुधवारी, साहेब पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारात आले, तर बाई फडताळासमोर डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या. एकेक डबा हाताने चाचपायचा, झाकण काढून वास घ्यायचा, हळूच नाव पुटपुटायचं आणि जागेवर ठेवायचा. चौथ्या डब्याला त्या चुकल्या. तो परत हातात घेऊन पुन्हा हुंगत राहिल्या. साहेब पाणी न पिताच मागे फिरले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन प्लेअर घेऊन आले.

परगावच्या मुलीने फोनवर सांगून पाहिलं, "बाबा, गाणी फोनवरही ऐकता येतात." पण साहेबांनी विचार केला होता. फोनचं तोंड काचेसारखं गुळगुळीत, न बघता दाबायचं काय? या प्लेअरला पाच बटणं होती आणि पाचही बोटाला लागत होती. दुकानात त्यांनी डोळे मिटून ती दाबून पाहिली होती. बराच वेळ पाहिली. दुकानदाराला वाटलं गृहस्थांना चक्कर आली, म्हणून त्याने खुर्ची आणि पाणी मागवलं.

आता प्लेअरमध्ये भरायचं काय, हा प्रश्नच नव्हता. बाईंनी वर्षानुवर्षं रेडिओवरून उतरवून घेतलेल्या कॅसेटींची एक पेटी कपाटावर होती, प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. "गुरुवारी तू दवाखान्यात जाशील तेव्हा यातल्या बारा कॅसेटी या डबीत असतील," साहेबांनी शब्द दिला. "तुझ्या पसंतीच्या बारा."

"बघू," बाई म्हणाल्या. वही उद्या नक्की आणतो म्हणणाऱ्या पोरांना त्या असंच बघू म्हणत.

बरोबर आलेली माहितीपुस्तिका चौसष्ट पानांची होती. दुसरा कुणी असता तर बटण दाबून मोकळा झाला असता. साहेब पहिल्या पानापासून वाचायला बसले. हातात लाल पेन्सिल. 'पान ५ वरील सूचना पान ४ शी विसंगत' असं एका जागी त्यांनी समासात लिहिलं, आणि पान सहावर त्यांचा चेहरा खुलला. तिथे लिहिलं होतं, की डाव्या कडेची सरकपट्टी वर सरकवली असता यंत्रास कुलूप लागते व चुकून बटण दाबले जाण्याचा धोका राहत नाही. एखाद्या वस्तूला कुलूप असावं आणि ते लावू नये, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पहिल्या प्रथम कुलूप लावलं. मग पुस्तिकेत म्हटल्याप्रमाणे आठ तास चार्जिंगला लावलं आणि कुणी धक्का देऊ नये म्हणून स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले.

शनिवारी सकाळी त्यांनी चालू करायचं बटण दाबलं. पडद्यावर कुलपाचं चित्र आलं आणि गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा कुलूप.

"सुरक्षित आहे," साहेब समाधानाने म्हणाले. "पण चालू होत नाही."

खालच्या मजल्यावरचे इंजिनिअर सल्ला द्यायला आले. त्यांना बोलवावं लागत नसे. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू बंद पडली की ती का बंद पडली हे त्यांना आधीच ठाऊक असे. त्यांनी डबी कानाशी धरली, हलवली, इअरफोनच्या भोकात फुंकर मारली. "हवा धरलीय," ते म्हणाले. "नवीन आहे ना. पहिल्यांदा धरतेच."

"यात हवा कुठून येणार?"

"तेच तर. कुणालाच कळत नाही कुठून येते."

हवा काही निघेना, तेव्हा साहेब कंपनीच्या दुरुस्ती केंद्रावर गेले. टोकन घेतलं. अर्ज घेतला. 'तक्रारीचे स्वरूप' यासाठी दोनच ओळी ठेवल्या होत्या, तेव्हा साहेबांनी दीड पानाची पुरवणी जोडली. खिडकीमागच्या बाईंनी ती उचलून बाजूला ठेवली.

"बिल?"

"हे."

"हमीपत्र?"

"हे."

"यावर दुकानाचा शिक्का नाही."

"सही आहे ना दुकानदाराची."

"सही चालत नाही. शिक्का लागतो."

हे वाक्य साहेबांनी आयुष्यात चार-पाच हजार वेळा तरी उच्चारलं असेल. खिडकीच्या या बाजूने ते आज पहिल्यांदाच ऐकलं आणि इतकं उद्धट वाक्य आपण कधी बोललो असू यावर त्यांचा विश्वास बसेना. ते तणतणत दुकानात गेले. दुकानदाराचा स्टॅम्प पॅड वाळून खडखडीत झाला होता. त्याने शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि दाबला. अर्धाच उमटला. शेजारी दुसरा मारला, तोही अर्धाच, पण दुसरा अर्धा. तोवर केंद्राची खिडकी बंद झाली होती आणि मध्ये रविवार होता.

सोमवारी खिडकीतल्या बाईंनी हमीपत्र उजेडाकडे धरलं. "दोन शिक्के कसे?"

"दोन्ही मिळून एक आहे," साहेब म्हणाले. आपण इतक्या खालच्या पातळीवर येऊ असं त्यांना वाटलं नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी प्लेअर हातात घेतला, उलटा केला आणि नखाने डावी पट्टी खाली सरकवली. डबी टुणकन वाजली, पडदा उजळला आणि त्यावर हसतमुख स्वागत आलं.

"कुलूप लावलेलं होतं."

"मीच लावलं होतं. सुरक्षिततेसाठी. पान सहा."

"मग उघडायचं नाही का?"

याला उत्तर पान सहावर नव्हतं. त्यांनी अर्ज ओढला आणि त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'बिघाड नाही. ग्राहकाने स्वतःच कुलूप लावले होते.' खाली सही केली आणि शिक्का मारला. पूर्ण, गोल, काठोकाठ शाई असलेला शिक्का. चौतीस वर्षं इतरांवर शेरे मारलेल्या माणसावर आज कुणीतरी शेरा मारला होता.

"हा कागद तुम्ही किती वर्षं ठेवता?" साहेबांनी विचारलं.

"हे ना? हे कायम ठेवतो आम्ही."

घरी आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की यंत्रात एक अंतर्गत अडथळा होता आणि तो दूर झाला. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. संसार एवढा टिकला तो असल्या न विचारलेल्या प्रश्नांवर.

आता सोमवारची संध्याकाळ झाली होती आणि डबी रिकामीच होती. मुलगी फोनवर म्हणाली, टेपरेकॉर्डर आणि कॉम्प्युटर वायरने जोडा. इंजिनिअरांनी वायर आणली, तिचं एक टोक टेपरेकॉर्डरमध्ये गेलं आणि दुसरं घरातल्या कुठल्याच वस्तूत जाईना. मग डबी थेट कॉम्प्युटरला लावली, तर कॉम्प्युटर म्हणे मी हिला ओळखत नाही. "हवा," इंजिनिअर म्हणाले. साहेबांनी पुस्तिका उघडली आणि पान त्रेचाळीसवर त्यांना घबाड सापडलं. या डबीला स्वतःचा छोटा माइक होता! तिच्यासमोर जे वाजेल ते ती उतरवून घेत होती. म्हणजे वायर नको, कॉम्प्युटर नको आणि इंजिनिअरही नकोत. टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवायचा, समोर डबी ठेवायची, की झालं काम.

बारा कॅसेटी, दीड तासाची एकेक, म्हणजे अठरा तास. मंगळवारी सहा आणि बुधवारी सहा. साहेबांनी वही आखली आणि घरात नियम जाहीर केले. बोलायचं नाही. कुकर लावायचा नाही. नळ सोडायचा नाही. खोकला आलाच तर गच्चीत जायचं. दारावर कागद लावला, 'आत ध्वनिमुद्रण चालू आहे. बेल वाजवू नये.' तो वाचून इमारतीतला प्रत्येक माणूस बेल वाजवून विचारू लागला, की आत कसलं ध्वनिमुद्रण चालू आहे. वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर तर केस नीट करून आली, तिला वाटलं बाईंची मुलाखत घ्यायला कुणी आलंय.

प्रत्येक नोंदीच्या आरंभी साहेब घसा साफ करून डबीसमोर वाकत आणि सांगत, "नोंद क्रमांक एक. कॅसेट क्रमांक सात. विषय, बासरी. सुरुवात आठ वाजून दोन मिनिटं." मग टेप लावत. दीड तासाने टेप संपली, की डबी बंद करून तपासणी. तपासणी म्हणजे नोंदीची पहिली दहा सेकंदं ऐकायची. त्यात त्यांचा स्वतःचा आवाज असा काही खणखणीत येई, की पुढचं ऐकायची गरजच त्यांना वाटली नाही. वहीत लाल अक्षरात ते लिहीत, 'आवाज सुस्पष्ट'.

दोन दिवस घरात ब्रेड आणि केळी होती. बाई खुर्चीत हाताची घडी घालून बसून राहत आणि शिंक आली की नाक दाबून डोळे मोठे करत.

बुधवारी चारच्या सुमाराला अकरावी नोंद चालू असताना बाई इंजिनिअरांच्या बायकोबरोबर तपासण्यांचे रिपोर्ट आणायला गेल्या. त्यामुळे इंजिनिअर मोकळे झाले आणि वर आले. टेप नुकतीच खट्कन थांबली होती. इंजिनिअरांनी खुर्ची ओढली आणि या खेपेला ते हवेविषयी काही बोलले नाहीत. म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?" मग दोघं पाच-दहा मिनिटं बोलत बसले. असं साहेब कुणाशी कधी बोलत नसत, आणि डबीचा लाल दिवा अजून चालूच आहे याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. उठताना साहेबांना तो दिसला. त्यांनी घाईने डबी बंद केली, पहिली दहा सेकंदं ऐकली आणि वहीत लिहिलं, 'आवाज सुस्पष्ट'.

रात्रीच्या आत बारावी नोंद पूर्ण झाली. गुरुवारी सकाळी साहेबांनी डबी बाईंच्या हातात ठेवली तेव्हा त्यांची छाती दोन इंच पुढे होती.

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. डोळा कसा होतोय ते मात्र पट्टी निघून काही दिवस गेल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गुरुवार गुंगीतच गेला. शुक्रवारी सकाळी साहेब वॉर्डात आले, तर बाई पालथ्या झोपल्या होत्या. चेहरा मधोमध भोक असलेल्या उशीत, कानांत इअरफोन, डबी मुठीत. वरून दिसत होती फक्त वेणी आणि पाठ. साहेब स्टुलावर बसले आणि एका यशस्वी माणसाने पाहावं तसं त्या पाठीकडे पाहत राहिले.

थोड्या वेळाने पाठ हलू लागली. खांदे गदगदत होते. उशीतून दबलेले आवाज येऊ लागले.

"सिस्टर!" साहेब ओरडले. "सिस्टर, या रडतायत! डोळ्याला पाणी लागेल!"

नर्स धावत आली, खाली वाकून उशीच्या भोकातून तिने पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रडत नाहीयेत. हसतायत. बाई, हसायचं नाही, सांगितलंय ना?"

"मी कुठे हसतेय," बाई फरशीला उद्देशून म्हणाल्या. "माझे खांदे हसतायत."

नर्स गेली. साहेब पुढे सरकले. "गंमतशीर गाणं लागलंय का?"

"गाणं? अहो, रात्री झोप लागेना म्हणून बटणं दाबत सगळ्या नोंदी चाळल्या, गाणं नुसतं मधूनमधून ऐकू येतं. पहिल्या नोंदीत काय सुंदर बासरी चाललीय, आणि वरून तुम्ही कुजबुजताय, शिंकू नकोस, शिंकू नकोस, आणि मग मी शिंकते. पाचवीत बेल वाजते आणि तुम्ही दारात जाऊन सांगता, बेल वाजवू नका, तर ते म्हणतात, मग तुम्हाला कळणार कसं आम्ही आलोय ते? सहावीत इंजिनिअर विचारतात, हवा निघाली का?"

साहेबांचा चेहरा उतरला. अठरा तासांचं काम. बारा नोंदी. आणि बाराही वेळा 'आवाज सुस्पष्ट', तेही स्वतःच्या सहीने. दुरुस्ती केंद्रावरचा अपमान निदान परक्या खिडकीत झाला होता.

"मी सगळं नष्ट करतो," ते उठून म्हणाले. "पान एक्कावन्न. मी तुला शब्द दिला होता गं. आठ दिवस तू अशी पडून राहणार, आणि एवढं एक काम माझ्याच्याने धड झालं नाही."

"बसा खाली. अकरावी ऐकलीत?"

"सुरुवात ऐकली."

"आता शेवट ऐका." बाईंनी मान न हलवता बटणं चाचपून तो भाग लावला, एक इअरफोन काढला आणि हवेत धरला. वायर तोकडी होती. साहेबांना स्टूल सोडून खाली उकिडवं बसावं लागलं, गुडघा कट्कन वाजला, आणि दोघांची डोकी एका पातळीवर आली.

आधी टेप थांबल्याचा खट् आवाज. मग खुर्ची सरकली. मग त्यांचा स्वतःचाच आवाज, पण नोंद क्रमांक सांगणारा नव्हे, भलताच बारीक.

"शंभरातल्या नव्वदांना नीट दिसतं म्हणतात हो. पण मी चौतीस वर्षं उरलेल्या दहांच्याच फायली सांभाळल्या. ज्यांचं नीट होतं त्यांची फाईल आमच्याकडे येतच नाही." मध्ये इंजिनिअरांचं खोकणं. "ती गेल्या आठवड्यात डोळे मिटून डबे ओळखत होती. मी दारातून परत फिरलो. आत जायला हवं होतं, नाही गेलो. पेपर मी रोज वाचून दाखवीन, त्याचं काही नाही, पण मी वाचायला लागलो की तिला झोप येते. आणि शब्दकोडं सोडवताना ती पेन्सिल कानामागे ठेवते, ते मला रोज बघायचं असतं, म्हणून मी मुद्दाम अडतो. मला फार भीती वाटते हो. तिला सांगू नका. तिला वाटतंय मी खंबीर आहे."

"नाही हो," इंजिनिअरांचा आवाज म्हणाला, "तसं कुणालाच वाटत नाही."

साहेबांनी इअरफोन काढला. ते फरशीकडे बघू लागले. बाईही फरशीकडेच बघत होत्या, त्यांना तर दुसरं काही बघायची परवानगीच नव्हती.

"दारात तुम्ही होतात ते मला कळलं होतं," बाई म्हणाल्या. "तुमचा गुडघा वाजतो. मला वाटलं आत याल. मलाही भीती वाटत होती हो. पण तुम्ही चौसष्ट पानं वाचण्यात असे गर्क, सांगायची कुणाला?"

साहेबांनी डबीकडे हात नेला. "एवढी नोंद तरी पुसतो. कुणी ऐकली तर..."

"हात लावायचा नाही." बाईंनी मूठ आवळली. "याचं ते कुलूप कुठलं?"

"डाव्या कडेला. वर सरकवायचं."

बाईंच्या अंगठ्याने कड चाचपली, पट्टी सापडली, वर सरकली. "आता वही काढा. अकरा नंबरपुढे काय लिहिलंय?"

"आवाज सुस्पष्ट."

"ते बरोबर आहे, राहू दे. त्याच्याखाली शेरा लिहा."

साहेबांनी लाल पेन्सिल काढली. कुठला शेरा, हे त्यांनी विचारलं नाही. लिहून झाल्यावर सवयीने सही केली, तारीख घातली, आणि बाईंना दिसणार नाही म्हणून वाचून दाखवलं, "कायम ठेवणे."

"आणि शिक्का? नुसती सही चालत नाही ना?"

साहेबांनी वळून पाहिलं. नर्स पलीकडच्या खाटेपाशी पाठमोरी होती. त्यांनी आपला तळहात बाईंच्या पाठीवर मधोमध ठेवला आणि पूर्ण उमटेपर्यंत दाबून धरला.